टीसी काकांची चालती माणसं

टीसी काका माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. दारात कोणी आलं की त्यांची नजर आधी पायांवर जायची, मग गुडघ्यांवर, आणि तिथेच थांबायची. समोरचा बोलत राहायचा आणि हे त्याच्या चपलेकडे बघून मान हलवायचे. तीस वर्षं रेल्वेत तिकिटं तपासून आपण एवढंच शिकलो, असं ते म्हणायचे. "तोंड सगळ्यांना सावरता येतं बाई. पाय न्हाई सावरत. विनातिकीट माणूस डब्यात शिरला की त्याची टाच नीट टेकत न्हाई."

पिंगळीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नव्हतं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी ते टीसीच राहिले. स्टेशनच्या फाटकापलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको वारली होती, एकुलती मुलगी पुण्याला. मी त्यांच्याकडे भाकरी आणि कोरड्यास करायला जायचे, सकाळी एकदा आणि दिवेलागणीच्या आधी एकदा.

पहिल्या दिवशी मी उंबऱ्यात चपला काढल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठली तू?"

"इथलीच," मी म्हणाले.

"न्हाईस. इथल्या बाया फाटक ओलांडताना बघत न्हाईत. गाडी कवा येती ते त्यांच्या अंगात मुरलंय. तू दोन्हीकडं बघितलंस."

येलदरीकडच्या सासरहून मी निघून आले होते आणि पिंगळीला लांबच्या मावसबहिणीकडे राहत होते. का निघाले ते इथे लिहीत नाही. नवऱ्याने माझ्या माहेरी येऊन सांगितलं होतं, जिथं दिसंल तिथून फरफटत आणीन. तेव्हापासून मी कुठेच दिसायचं नाही असं ठरवलं होतं. लग्नकार्यात फोटो निघायला लागला की मी भांडी घासायला जायचे. आणि या म्हाताऱ्याने मला फाटक ओलांडण्यावरून धरलं. वाटलं, उद्यापासून इथे येऊ नये.

ते म्हणाले, "बरं. मीठ जरा हात राखून टाक." एवढंच.

काकांचा कोणावरच भरवसा नव्हता. दूध आलं की बोट बुडवून नखावर थेंब ठेवायचे आणि तो कसा ओघळतो ते बघायचे. गुडघा दुखला तर परभणीला जाऊन दोन डॉक्टरांना दाखवायचे, आणि दुसऱ्याला पहिल्याचं सांगायचे नाहीत. पुण्याहून मुलीचा फोन आला तरी लगेच बोलायचे नाहीत. आधी विचारायचे, "आपल्या दाराम्होरं कोणतं झाड होतं?" तिकडून ताई म्हणायच्या, "बाबा, शेवगा. रोज तेच विचारता." मग हे खुर्चीत टेकायचे आणि म्हणायचे, "आवाजाचं काय, आवाज कोणाचाबी काढतात हल्ली."

माझ्याही मागे ते स्वयंपाकघरात येऊन पिठाच्या डब्याचं झाकण उचलून बघायचे. मला राग यायचा. पण खरं सांगायचं तर मीही त्यांच्यावर नजर ठेवून होते. त्याला कारण ती डबी.

डबी म्हणजे मुलांचा हातात धरायचा व्हिडिओ गेम. ताईंच्या मुलीसाठी कोणीतरी परदेशातून आणलेला. ती मोठी झाली, तिचं त्यातलं मन उडालं, आणि तो आजोबांकडे आला. पेटीसारखा उघडायचा. वर एक काच, खाली एक काच, आणि बाजूला खोचलेली काडी. त्यात मारामारीचे खेळ होते म्हणे, पण काकांनी ते कधी लावले नाहीत. त्यात चित्रं काढायची एक सोय होती. खालच्या काचेवर काडीने चित्र काढायचं, मग पान उलटायचं, पुढचं चित्र किंचित बदलून काढायचं. अशी वीस-पंचवीस पानं झाली की बटण दाबायचं आणि वरच्या काचेत ते चित्र चालायला लागायचं.

हे मला पुढे कळलं. सुरुवातीला एवढंच दिसायचं की मी चुलीपुढे बसले की काका दारात खुर्ची टाकतात, डबी उघडतात, माझ्याकडे बघतात आणि काडी टोचतात. डबीच्या झाकणावर एक बारका डोळा होता. मोबाइलला असतो तसला कॅमेरा. काकांनी त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावली होती. आता, ज्याला फोटो काढायचाच नाही तो कशाला पट्टी लावील? आणि ज्याला चोरून काढायचा आहे तो दिसायला पट्टी लावील आणि आपण पाठ केली की काढील. मी असाच विचार केला. म्हणून एक दिवस ते न्हाणीत गेले असताना पिठाचं बोट त्या पट्टीच्या कडेवर हलकं टेकवून ठेवलं. पट्टी निघाली तर पीठ सांडेल.

दुसऱ्या दिवशी पीठ नव्हतं. भाकरी थापता थापता दोनदा मोडली.

"पट्टीला पीठ लागलं होतं काल," काका खुर्चीतून म्हणाले. "मी पुसलं. म्हटलं तू इचारशील."

मी मान वर केली नाही.

"माझ्या नोकरीत तुझ्यासारखी एक बाई पायजे होती," ते म्हणाले. "घे, बघ. पट्टीखाली मळ किती साचलाय. हा डोळा उघडून वर्ष झालं." त्यांनी पट्टी नखाने सोलली आणि डबी माझ्यापुढे धरली. खरंच, चिकटाचा काळा चौकोन होता. त्यांनी नवी पट्टी माझ्याच हाताने लावून घेतली.

त्या दिवसापासून ते मला चित्रं दाखवायला लागले. अर्धी भाकर खायची, हात पुसायचा आणि म्हणायचं, "ह्यो कोण, सांग." तोंड कोणालाच नसायचं. डोक्याच्या जागी नुसता गोल. पण पायांवरून माणूस कळायचा. खांदा पाडून चालणारा तो पोस्टमन. एक पाय आधी ठेवून मग विचार करणारी ती आमच्या गल्लीतली सुईण. ज्यांच्याकडे तिकीट होतं ती माणसं काळ्या रेघेची, विनातिकीट लाल. ती रेल्वेतली जुनी माणसं. त्यांच्या आठवणीत ती अजून डब्यातून फिरत होती. एक लाल माणूस तर संडासाच्या दारापाशी इतका सहज उभा होता की मला त्याचीच दया आली.

"ह्याला पकडलं का तुमी?" मी विचारलं.

"न्हाई. ह्यो लय चांगला उभा राहिला होता. असं उभं राहायला कष्ट लागतात."

टीव्हीवर, मोबाइलवर हलणारी चित्रं त्यांना चालायची नाहीत. कोणी फोन पुढे केला की ते तोंड फिरवायचे. "त्यात सगळं हालायलंय, पण हालवायलंय कोण ते दिसत न्हाई. ह्या डबीत एकेक पान मागं जाऊन तपासता येतं." आणि त्यात आणखी एक गोष्ट होती जी त्यांना फार आवडायची. नवीन पान घेतलं की मागच्या पानावरचं चित्र खाली फिकट दिसायचं, भिजलेल्या कागदावर पाठची शाई दिसते तसं. त्याच्या आधारानेच पुढचं काढायचं. काका म्हणायचे, "मागचं दिसल्याबिगर पुढची रेघ ओढायची न्हाई. जो ओढतो त्याची चाल खोटी येती."

असं दोन-अडीच वर्षं चाललं. सकाळी स्टेशनच्या बाकावर जाऊन लोक चढता-उतरताना बघायचे, दुपारी घरी येऊन काढायचे. एका माणसाच्या दोन पावलांना आठ-दहा दिवस लागायचे. मला कळत नव्हतं याचं पुढे काय होणार. त्यांनाही विचारलं तर म्हणायचे, "काय व्हायचंय? चालत्यात की."

मग एके दिवशी त्यांनी डबी पुढे धरली आणि विचारलं नाही, कोण ते सांग म्हणून.

त्यात फाटक होतं. निळ्या रेघेची एक बाई आली. निळा रंग मी त्यांच्या चित्रांत कधी बघितला नव्हता. तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पदर मुठीत धरून रूळ ओलांडले. ओलांडून झाल्यावर थांबली, आणि मागे वळून बघितलं. मग चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा ती आली, पुन्हा वळली.

मी स्वतःला असं चालताना कधी बघितलं नव्हतं. आरशात तोंड दिसतं, पाठ दिसत नाही. इतकी घाबरलेली बाई मी आहे हे मला त्या डबीतून कळलं.

"रूळ ओलांडून झाल्यावर मागं कोण बघतं?" काका हळू म्हणाले. "ज्याच्या मागं कोणी येईल असं वाटतं तो. मला काही इचारायचं न्हाई बाई. मी टीसी होतो, पोलीस न्हाई. पण काळं काढावं का लाल, ते कळंना. म्हणून निळं."

"पुसा ते," मी म्हणाले. त्यांच्याशी एवढ्या जोरात मी कधी बोलले नव्हते.

"बरं," ते म्हणाले. पण त्या क्षणी पुसलं नाही. डबी मिटून खिशात ठेवली. मी चुलीकडे गेले आणि त्यांची पाठ बघत राहिले.

त्या वर्षीच्या दिवाळीला ताई आल्या. चांगल्या बाई आहेत. माझ्याबरोबर जमिनीवर बसून जेवल्या. जेवता जेवता त्यांनी सांगितलं, की या डबीवर चित्रं काढणारी जगभरात लाखो पोरं होती. एकमेकांची बघायची, एकाच्या चित्राला दुसरा पुढची पानं जोडायचा. डबी बनवणाऱ्यांनी ती जागा केव्हाच बंद केली. पण त्यावर हात बसलेली पोरं आता मोठमोठ्या ठिकाणी चित्रपटांची चित्रं काढतात, आणि काही लोकांनी सगळ्यांची जुनी चित्रं शोधून इंटरनेटवर जपून ठेवायला घेतली आहेत. "बाबांची पण देऊ," त्या म्हणाल्या. "कार्डावरून उतरवून घ्यायची फक्त. कोणीही कुठूनही बघेल."

इतकी वर्षं काका प्रत काढू देत नव्हते. प्रत निघाली की खरी कोणती ते कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं. पण त्या दिवशी ते म्हणाले, "न्या. मी काय जन्माला पुरणार हाय?"

कोणीही, कुठूनही. माझं तोंड त्यात नाही हे मला समजत होतं. पण मी स्वतःच स्वतःला पाठीवरून ओळखलं होतं. ज्या नवऱ्याने नऊ वर्षं मला अंगणातून जाता-येता बघितलं तो ओळखणार नाही?

ताई शेजारी गेल्या तेव्हा मी काकांना विचारलं, "माझं पुसलं का?"

"पुसलं."

"कवा?"

"त्याच दिवशी. तू गेल्यावर."

मी डबीकडे बघत राहिले. त्या बघण्याचा अर्थ त्यांच्याइतका कोणाला कळणार? त्यांनी डबी उघडून यादी दाखवली. छोटी छोटी चित्रं ओळीने. त्यात निळं नव्हतं. तरी मी तशीच उभी.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "मीबी मानलं नसतं. दुसरीकडं ठेवलं असंल तर?" त्यांनी डबीच्या कडेची खाच दाबली. टपालाच्या तिकिटाएवढं कार्ड बाहेर आलं. ते त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. "सगळं ह्यात हाय. जे हाय ते. तुझ्याकडं ठेव. तुझा शक फिटला की आण."

ताईंना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. त्या कार्ड न घेताच पुण्याला गेल्या.

मी ते कार्ड फडक्यात बांधून डाळीच्या डब्यात तळाशी ठेवलं. आठ दिवसांनी नेऊन द्यावं असं मनात होतं. पण आठ दिवसांनी वाटलं, हा माणूस फार हुशार आहे. एवढं सहज दिलं म्हणजे यात काहीतरी असणार. उन्हाळ्यात पुन्हा वाटलं. तेवढ्यात येलदरीकडचा एक ओळखीचा माणूस परभणीच्या बाजारात दिसला आणि मी तीन दिवस घराबाहेर पडले नाही. मग कार्ड द्यायचा विषयच राहिला.

कार्डाशिवाय डबीत फार थोडं मावायचं. नवीन माणूस काढायचा तर जुना पुसावा लागायचा. काका तसंच करत राहिले. पोस्टमन पुन्हा काढला, मग त्याला पुसून दुधवाला काढला, दुधवाल्याला पुसून फलाटावरची भाजीवाली. मी समोर बसून भाकरी थापत होते आणि बघत होते. त्यांनी कार्डाचं नाव काढलं नाही. मला त्याचाही संशय यायचा, की हा मागत का नाही.

मागच्या वर्षी ते आजारी पडले. छातीत पाणी झालं होतं. या वेळी एकाच डॉक्टरला दाखवलं, दुसऱ्याकडे जायचं अंगात बळ राहिलं नव्हतं. ताई येऊन राहिल्या. मी सकाळ-संध्याकाळ पेज करून न्यायचे. ते दोन घोट घ्यायचे, मीठ बरोबर आहे म्हणायचे आणि भिंतीकडे बघत पडून राहायचे. पंधरा-वीस दिवसांत गेले.

चौदाव्याचा कार्यक्रम झाल्यावर ताईंनी मला थांबवलं. "सुमन, बाबांच्या डबीतलं कार्ड तू कुठे बघितलंस का? घर शोधलं सगळं. ट्रंक पण."

मला नाही असं म्हणता आलं असतं. कोणालाच माहीत नव्हतं. डाळीच्या डब्यात कोण हात घालतो? आणि ते दिलं तर, त्यात मी असले तर, मी सगळीकडे जाणार. नवरा अजून आहे. मधून मधून त्याचा निरोप माहेरी येतोच. मी ताईंना म्हणाले, बघते. घरी आले, डबा पुढे घेऊन बसले. कार्डावर डाळीची भुकटी बसली होती. ती मी पदराने पुसली. मावसबहीण म्हणाली, "चुलीत टाक आणि मोकळी हो." तिचं चूक नव्हतं. माझ्यासाठीच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्ड ताईंच्या हातात दिलं. म्हणाले, "ह्यात एक निळी बाई असंल. ती मी हाय. बाकीच्यांसोबत तिलाबी द्यायचं तर द्या. नुसतं माझं नाव-गाव लिहू नका." हे बोलताना मी त्यांच्या पायांकडे बघत होते. मग सगळंच सांगितलं, कार्ड माझ्याकडे कसं आलं ते.

ताईंनी कार्ड डबीत घातलं आणि आम्ही दोघी खाटेवर बसून एकेक चित्र उघडत गेलो. रेल्वेतली लाल माणसं चालून गेली, काळी माणसं चालून गेली. ताईंची आईही होती, ओल्या फरशीवरून जपून पाय टाकणारी. ती बघून ताई बराच वेळ पुढे गेल्याच नाहीत. मग आम्ही शेवटपर्यंत गेलो. निळी बाई नव्हती. मी म्हणाले, पुन्हा बघा. ताईंनी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. दुपार झाली. फाटकच कुठे नव्हतं.

त्यांनी खरंच पुसलं होतं. त्याच दिवशी, मी गेल्यावर.

"मग बरं झालं की," ताई म्हणाल्या. मीही बरं झालं म्हणाले. पण मला ती हवी होती. एकदा बघायची होती, आता ती कशी वळते ते.

मग ताई म्हणाल्या, "शेवटी शेवटी बाबा सारखे म्हणायचे, तुझ्या आईची चाल बघायची हाय. मी विचारायचे, कार्ड कुठे आहे ते सांगा, मी आणते. तर म्हणायचे, सुरक्षित हाय. ज्याच्याकडं हाय तो आणून देईल."

त्या दिवसांत मी रोज दोनदा त्या खोलीत जात होते. पेजेचं भांडं त्यांच्या उशाशी ठेवत होते. कार्ड दोन गल्ल्या सोडून माझ्या डब्यात होतं, आणि ते भिंतीकडे बघत पडले होते. हलत्या गाडीत तीस वर्षं ज्यांनी येईल त्याच्यापुढे हात केला, त्यांनी माझ्यापुढे हात केला नाही.

ताईंनी सगळी चित्रं उतरवून घेतली. ती आता कुठे कुठे बघतात लोक. एका परक्या देशातल्या कोणीतरी त्या संडासापाशी उभ्या असलेल्या लाल माणसाला पुढची पानं जोडली आहेत, त्याला स्टेशनवर उतरवून दिलंय, असं ताईंनी फोनवर सांगितलं. डबी त्या माझ्यापाशी ठेवून गेल्या. मी नको म्हणाले होते.

चौथीनंतर मी चित्र काढलं नव्हतं. काडी धरायला जमत नाही, रेघ थरथरते. तरी दुपारी थोडं थोडं काढते. काका खाटेवर बसले आहेत आणि हात मांडीवर आहेत. दर पानाला मागचं पान खाली फिकट दिसतं आणि मी त्याच्यावरूनच ओढते. सहा पानं झाली आहेत. मान थोडी हलते, पाय थोडा हलतो. हात मी कुठल्याच पानावर हलवलेला नाही.